दिवाळी अंकाच्या छोट्या लिंका : प्रकल्प नोंदी (जुलै ते नोव्हेंबर २०२५)

१४ जुलै, सोमवार

आज अंकाची बैठक झाली. कथा-कवितांचं बहुतेक ठरलंय, जाहिराती आणि वितरण नेहमीप्रमाणे काकांकडे. माझ्या गळ्यात पडलं ते आगाऊ नोंदणीचं पान आणि त्याची लिंक. संपादकबाईंचं म्हणणं सरळ होतं: "नोंदणी कुठून येते ते या वर्षी कळलंच पाहिजे." गेल्या वर्षी दुकानांत पोस्टरं लावली, वर्तमानपत्रात जाहिरात दिली, व्हॉट्सॲपवर धडाधड फिरवलं. कशामुळे किती अंक गेले, याचा पत्ता शेवटपर्यंत लागला नाही. काका म्हणाले, "माझ्या फोनमुळे गेले." तेही खोटं नसावं.

पहिली अडचण आपल्याच संकेतस्थळाची. पानांची नावं आपण हौसेनं मराठीत ठेवलीत. ब्राउझरच्या पट्टीत ती झकास दिसतात, पण कॉपी करून दुसरीकडे चिकटवली की ओळखू येत नाहीत. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (संगणकाच्या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत) तीन बाइटांचं असतं, आणि लिंकेत प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासकट तीन जागा अडवतो. साधा 'म' घ्या, तो '%ई०%ए४%एई' होऊन नऊ जागा खातो. बाईंना दाखवायला मराठी विकिपीडियावरचं 'महाराष्ट्र' हे पान उघडलं. काना आणि हलन्त धरून दहा चिन्हं, चिकटवल्यावर नव्वद जागा. विकिमीडियानं यावर उपाय म्हणून २०१९ मध्ये डब्ल्यू.विकी ही स्वतःची छोटी लिंक काढली, पण ती फक्त त्यांच्याच प्रकल्पांतल्या पानांना चालते.

आपल्या नोंदणीच्या पानाचं नाव 'महाराष्ट्र'पेक्षाही लांब आहे. पोस्टरवर ते छापणं शक्यच नाही.

१७ जुलै, गुरुवार

नवीन काही करण्याआधी जुनं काय छापून बसलोय ते पाहायला कपाटातले अंक काढले. २०१७ आणि २०१८ च्या अंकांत कवींच्या आवाजातल्या कविता ऐकता याव्यात म्हणून प्रत्येक कवितेखाली गू.जीएलची, म्हणजे गूगलच्या छोट्या लिंका बनवणाऱ्या सेवेची, लिंक आहे. त्या वेळी तीच सोय सगळे वापरत. गूगलनं ती डिसेंबर २००९ मध्ये स्वतःच्या टूलबारसाठी आणि फीडबर्नरसाठी सुरू केली, सप्टेंबर २०१० मध्ये सगळ्यांना खुली केली आणि ३० मार्च २०१९ ला नव्या लिंका बनवणं थांबवलं. जुन्या चालू राहतील असं तेव्हा सांगितलं होतं. जुलै २०२४ मध्ये मात्र जाहीर झालं की २५ ऑगस्ट २०२५ पासून जुन्याही उघडणार नाहीत. म्हणजे पुढच्या महिन्यात.

अंक वाचकांच्या घरी आहेत, वाचनालयांत बांधणी करून ठेवलेत. छापलेलं आता बदलणार कसं? निदान कुठली लिंक कुठं जात होती, हे तरी आपल्याकडे लिहिलेलं हवं. ती यादी कुणाकडेच नाही. तेव्हाची लिंका बनवणारी मुलगी आता बंगळुरूला असते, खातं तिच्या खासगी ईमेलवर होतं.

मग एकेक लिंक हातानं टाइप करायला बसलो. हे काम जितकं कंटाळवाणं तितकंच शिकवणारं निघालं. २०१८ च्या अंकात लिंक कवितेच्या खाली, कवीच्या नावाच्याही खाली, बारक्या टायपात आहे. त्या फॉन्टमध्ये रोमन लिपीतला लहान एल, मोठा आय आणि एकचा आकडा तिन्ही एकाच उभ्या रेघेसारखे दिसतात. गू.जीएलला लहान-मोठ्या अक्षरांचा फरक कळतो, त्यामुळे एक रेघ चुकली तरी पान उघडत नाही. सात वर्षांपूर्वी किती वाचकांनी हे टाइप करून पाहिलं आणि वैतागून अंक मिटला, देव जाणे.

सगळी ठिकाणं एका तक्त्यात उतरवली: अंकाचं वर्ष, पान, कविता, छापलेली लिंक, शेवटी उघडणारं ध्वनिमुद्रण.

२२ जुलै, मंगळवार

तयार सेवा घ्यायची की आपलं काहीतरी उभं करायचं, यावर आज निर्णय. बाईंना वाटत होतं, फुकट मिळतंय तर घ्यावं. मी दोन जुन्या गोष्टी सांगितल्या.

एक म्हणजे बिट.ली या छोट्या लिंकांच्या सेवेच्या नावाशेवटचं 'ली' हा लिबियाचा देश-कोड. २०१० मध्ये त्याच शेपटीची व्हीबी.ली ही छोटी लिंक-सेवा लिबियाच्या नोंदणी संस्थेनं तिथल्या कायद्याकडे बोट दाखवून बंद केली. लिंक कुणाच्याही कामाची असो, शेवटच्या दोन अक्षरांवर सत्ता दुसऱ्याची. दुसरी ट्र.आयएम या अशाच सेवेची. ऑगस्ट २००९ मध्ये त्यांनी दुकान बंद करतोय असं जाहीर केलं आणि एकच ओरड झाली, मग काही दिवसांत निर्णय फिरवला. त्याच वर्षी इंटरनेट आर्काइव्हनं अशा सेवांच्या लिंकांची नोंद जपायला ३०१वर्क्स नावाचा उपक्रम सुरू केला. आपल्या दोन अंकांची कथा या यादीत बसते.

छोट्या लिंकेचं मूळ दुखणं वेगळंच होतं. २००२ मध्ये टायनीयूआरएल आली तेव्हा ईमेलमध्ये लांब लिंक दोन ओळींत तुटायची. नंतर ट्विटरवर १४० अक्षरांची चणचण. आता ट्विटर (आजचं एक्स) कुठलीही लिंक २३ अक्षरांचीच मोजतं आणि व्हॉट्सॲपला लांबीचं काही पडलेलं नाही. मग छोटी लिंक हवी कशाला? माझ्या मते तीन कारणं उरतात: छापील कागद, मराठी एसएमएस, आणि छापल्यानंतरही लिंक कुठं जावी हे बदलण्याची मुभा. तिसरं सगळ्यात मोठं. आणि ती मुभा हवी असेल तर नाव आपल्या मालकीचं असायला हवं.

ठरलं: संस्थेच्या नावानं एक छोटं डॉट इन डोमेन घ्यायचं आणि आपल्याच होस्टिंगवर युअर्ल्स हे छोट्या लिंका बनवणारं सॉफ्टवेअर बसवायचं. ते मुक्त स्रोत आहे, पीएचपी आणि मायएसक्यूएलवर चालतं, आपल्या साध्या होस्टिंगला झेपेल. डोमेन जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी घेता येतं. काकांनी विचारलं, "दर वर्षी भरू, घाई काय?" मी म्हटलं, "काका, दहा वर्षांचं एकदम भरा. दर वर्षी आठवण कोण ठेवणार?" ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले, मग चेकबुक काढलं.

२९ जुलै, मंगळवार

युअर्ल्स बसलं. बसवणं तासाभराचं काम, ठरवणं जास्त वेळाचं.

मुख्य प्रश्न ३०१ की ३०२. छोटी लिंक उघडली की सर्व्हर ब्राउझरला सांगतो, खरं पान तिकडे आहे, तिकडे जा. ३०१ म्हणजे 'कायमचं तिकडे', ३०२ म्हणजे 'सध्या तिकडे'. ३०१ मिळालं की ब्राउझर ते लक्षात ठेवू शकतो आणि पुढच्या वेळी आपल्याला न विचारता थेट जातो. मग दुसरा क्लिक मोजला जात नाही, आणि आपण मागाहून लिंक वळवली तरी त्या वाचकाला जुनंच पान दिसतं. युअर्ल्सची मूळची चाल ३०१ ची आहे. शोधयंत्रांच्या दृष्टीनं ती ठीक, आपल्या कामाला उलटी. प्लगइन टाकून ३०२ केलं आणि तीन वेगवेगळ्या फोनांवर तपासलं.

दुसरी गोम: एकाच लांब लिंकेला युअर्ल्स एकच छोटी लिंक देतं, दुसरी मागितली तर पहिलीच हातात ठेवतं. आपल्याला नेमकं उलट हवंय. पान एक, पण पोस्टरची लिंक वेगळी, व्हॉट्सॲपची वेगळी. सेटिंग बदलता येतं, पण मी ते तसंच ठेवलं. प्रत्येक लिंकेच्या शेपटाला यूटीएमचे, म्हणजे वाचक कुठून आला ते सांगणारे, तपशील जोडले की ती आपोआप वेगळी ठरते.

लिंकेच्या नावांचं: आपोआप दिलं तर १, २, ३ अशी ओळीनं नावं मिळतात. हातानं द्यायची, चार अक्षरांची, सगळी लहान लिपीत, फोनवर सांगता येतील अशी. शून्य, ओ, एल आणि एक यांना बंदी. २०१८ च्या अंकानं एवढं शिकवलंच.

२ ऑगस्ट, शनिवार

काल गूगलनं धोरण बदललं. गू.जीएलच्या ज्या लिंका वापरात आहेत त्या चालू राहतील. २०२४ च्या अखेरीस ज्यांवर काहीच हालचाल नव्हती आणि ज्या उघडताना 'ही लिंक लवकरच बंद होईल' असा इशारा दिसतो, त्या मात्र २५ ऑगस्टला जाणार. बाईंचा लगेच फोन: "म्हणजे वाचलो ना आपण?"

मला तसं वाटत नाही. २०१७ च्या अंकातली एखादी कविता कुणी दोन वर्षं ऐकली नसेल, तर ती हमखास जाणाऱ्यांत. आणि जुन्या अंकाचं असंच असतं, तो वर्षानुवर्षं पडून राहतो आणि एक दिवस कुणीतरी चाळायला घेतो. म्हणून ठरवलेलं काम तसंच पुढे नेलं. नव्या डोमेनवर दोन पानं केली, एकावर २०१७ च्या सगळ्या कवितावाचनांची अनुक्रमणिका, दुसऱ्यावर २०१८ ची, पान क्रमांकासकट. यंदाच्या अंकात आतल्या मलपृष्ठावर एक चौकट जाईल: जुन्या अंकातली लिंक उघडत नसेल तर इथं पाहा. बांधीव अंक असलेल्या वाचनालयांना पत्रासोबत ही चौकट चिठ्ठी म्हणून पाठवायची, त्यांनी ती त्या पानावर चिकटवावी. मांडणीकार हसला. मला चिठ्ठीत हसण्यासारखं काही दिसत नाही.

९ ऑगस्ट, शनिवार, नारळी पौर्णिमा

यूटीएमची नावं ठरवली. हे शेपूट मुळात अर्चिन नावाच्या मोजमाप-सॉफ्टवेअरचं. गूगलनं ती कंपनी २००५ मध्ये घेतली आणि शेपूट जगभर पसरलं. स्रोत, माध्यम, मोहीम या तीन जागा आपल्याला पुरेत.

गेल्या वर्षी आमच्याच एका कार्यक्रमाच्या तक्त्यात व्हॉट्सॲप पाच प्रकारांनी लिहिलेलं सापडलं होतं, आणि मोजयंत्रानं इमानेइतबारे पाच वेगळी माध्यमं दाखवली. लहान-मोठं अक्षर बदललं तरी ते वेगळंच धरतं. या वर्षी नावांची यादी एकाच माणसाकडे, म्हणजे माझ्याकडे. कुणालाही नवी लिंक हवी असेल तर मला सांगायचं, स्वतः बनवायची नाही. काका यावर थोडे रुसले.

१९ ऑगस्ट, मंगळवार

पोस्टरचं प्रूफ. आज छोट्या लिंकेचा खरा फायदा डोळ्यांनी दिसला.

क्यूआरमध्ये जितकी अक्षरं भराल तितके त्याचे चौकोन वाढतात. सगळ्यात लहान कोड २१ बाय २१ चौकोनांचा, पुढची प्रत्येक पायरी चार-चारनं मोठी. आपली छोटी लिंक एचटीटीपीएस धरून २३ अक्षरांची. मध्यम पातळीची चूक-दुरुस्ती ठेवली, म्हणजे साधारण १५ टक्के भाग खराब झाला तरी वाचता येतो, तरी ती दुसऱ्या पायरीत बसते, २५ बाय २५. मूळ लांब लिंक यूटीएमसकट भरून पाहिली तर कोड दहाव्या पायरीला गेला, ५७ बाय ५७.

भोवती चार-चार चौकोनांची पांढरी पट्टी सोडावीच लागते, नाहीतर कॅमेऱ्याला कोड कुठं सुरू होतो ते कळत नाही. ती धरून दोन सेंटिमीटरच्या जागेत छोट्या लिंकेचा एक चौकोन ०.६ मिलिमीटरचा पडतो, लांब लिंकेचा ०.३. आर्टपेपरवर ०.३ सुद्धा चालून जाईल, पण वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरते. छापखान्यातल्या दादांनी दोन्ही कोड साध्या न्यूजप्रिंटवर काढून दिले. लांबवाला भिंगातून पाहिला तर आतले पांढरे चौकोन जवळजवळ बुजलेले. फोननं तो वाचला, पण दिव्याखाली नेऊन, हात स्थिर ठेवून, तीनदा पुढे-मागे केल्यावर. छोट्यानं फोन वर धरताक्षणी टुण्ण केलं.

मांडणीकाराला कोडच्या मधोमध अंकाचं बोधचिन्ह हवं होतं. नको म्हटलं. चूक-दुरुस्तीची सवलत शाईसाठी आणि दुकानदारानं त्यावर चिकटवलेल्या चिकटपट्टीसाठी राखून ठेवायची.

कोडखाली लिंक अक्षरांतही छापायची. अप्पा बळवंत चौकातल्या दुकानात गर्दीतून मागं उभ्या असलेल्या माणसाला कोड सापडेलच असं नाही, नाव वाचून लक्षात राहील.

२५ ऑगस्ट, सोमवार

गू.जीएलचा दिवस. यादी महिन्याआधीच आपल्या तक्त्यात आलीय, म्हणून मुद्दाम बघायला गेलो नाही. परवा गणपती.

३ सप्टेंबर, बुधवार

गौरी काल गेल्या, आज नोंदणी उघडली. पहिली लिंक वाचकांच्या व्हॉट्सॲप गटासाठी. मजकूर लिहिला, लिंक चिकटवली, आणि पाठवण्याआधी सहज आकडा पाहिला. एक क्लिक! मी बटणसुद्धा दाबलं नव्हतं.

नोंदीचा तक्ता उघडला. युअर्ल्स प्रत्येक क्लिकची वेळ, कुठून आला, कुठल्या ब्राउझरनं, आयपी (त्याचा इंटरनेटवरचा पत्ता) आणि देश एवढं लिहून ठेवतं. ब्राउझरच्या रकान्यात स्वच्छ लिहिलं होतं, 'व्हॉट्सॲप', पुढे आवृत्तीचा आकडा. लिंकेखाली जो छोटा फोटो आणि मथळा दिसतो तो आणायला माझाच फोन लिंक उघडून आला होता. पाठवणाऱ्याचा फोन हे काम करतो, मजकूर लिहीत असतानाच. टेलिग्रामचं वेगळं, तिथं त्यांचा सर्व्हर येतो आणि रकान्यात 'टेलिग्रामबॉट' म्हणून सही करून जातो. फेसबुकवर बाईंनी टाकल्या टाकल्या 'फेसबुकएक्स्टर्नलहिट' हजर. शिवाय काही कार्यालयांच्या ईमेल-यंत्रणा आलेली प्रत्येक लिंक आधी स्वतः उघडून तपासतात, त्यांचे क्लिक वेगळे, आणि ते सही करत नाहीत.

यांतले नाव सांगणारे यंत्रमानव क्वेरीतून वगळले. संध्याकाळी बाईंनी डॅशबोर्डचा आकडा पाहून आनंदानं फोन केला, त्यांना गाळलेला आकडा सांगितला. "एवढेच?" असं त्या म्हणाल्या. एवढेच. यापुढे डॅशबोर्ड मी एकटाच बघेन असं ठरवून टाकलं.

मुळात क्लिकपेक्षा नोंदणी मोजायची. त्यासाठी नोंदणीच्या अर्जात एक लपलेला रकाना ठेवलाय. वाचक ज्या लिंकेनं आला तिचं यूटीएम त्यात आपोआप भरतं आणि नाव-पत्त्यासोबत आपल्याकडे येतं. पैसे भरलेल्या नोंदणीसमोर स्रोत लिहिलेला असला की बास.

११ सप्टेंबर, गुरुवार

एसएमएसचा घोळ. जुने वर्गणीदार बरेचसे साठीच्या पुढचे, त्यांतले कित्येक व्हॉट्सॲप फारसं उघडत नाहीत. मराठी एसएमएस युनिकोडमध्ये जातो, म्हणजे एका संदेशात १६० ऐवजी ७० चिन्हं, त्यातही काना-मात्रा स्वतंत्र धरायच्या. आपली लिंक २३ खाते. उरलेल्या ४७ मध्ये अंकाचं नाव, 'नोंदणी सुरू' आणि किंमत कोंबायची. बाईंनी आठ वेळा मजकूर छाटला, शेवटी नमस्कार गेला, किंमत राहिली.

संदेश पाठवणाऱ्या कंपनीनं पैसे घेतले, आणि एकही संदेश पोचला नाही. त्यांच्या माणसाचं उत्तर, "सिस्टिमला प्रॉब्लेम आहे." प्रॉब्लेम नियमाचा होता. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या आदेशानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून, आधी नोंदवून मंजूर करून घेतलेली नसेल अशी लिंक असलेला एसएमएस दूरसंचार कंपन्यांनी अडवायचा असतो. संस्था, शीर्षक आणि मजकुराचा साचा डीएलटी पोर्टलवर (असे एसएमएस पाठवणाऱ्यांच्या नोंदणीच्या संकेतस्थळावर) नोंदवलेला होता, लिंक नव्हती, आणि ते त्या कंपनीनं आधी सांगायला हवं होतं. आपलं डोमेन आज नोंदवलं. इथं स्वतःच्या नावाच्या डोमेनचा दुसरा फायदा मिळाला: सगळ्यांना सामायिक असलेली फुकट सेवा अशा यादीत कोण कुणाच्या नावावर नोंदवणार?

संदेश गेल्यावर दुपारी काकांकडे फोनांचा पाऊस. बहुतेक एकच प्रश्न: "ही लिंक तुमचीच ना? दाबू का?" मिरजेचे एक निवृत्त बँक अधिकारी तर काकांनाच झापत होते. "अहो, वाहतुकीच्या दंडाचा संदेश म्हणून लिंक येते, दाबली की ॲप उतरतं आणि खातं साफ होतं. तुम्ही सुद्धा तसंच पाठवता?" त्यांचं चूक नाही. बारकी, अर्थ न लागणारी लिंक दाबू नका हेच सगळे सांगतायत, आणि फसवलं गेलं तर १९३० ला फोन करा हेही. आपण त्याच लोकांना बारकी लिंक पाठवून 'दाबा' म्हणतोय.

काय करता येईल ते केलं. डोमेनमध्ये अंकाचं नाव आहेच. लिंकेपुढे अधिकचं चिन्ह लावलं की युअर्ल्स पानावर न नेता ती कुठं जाते ते दाखवतं, ही सोय चालू ठेवली, पण साठीच्या माणसाला ही युक्ती एसएमएसमध्ये कुठं समजावणार? म्हणून पुढच्या मजकुरात काकांचा फोन नंबर घालू. नंबर घातला की तोही मंजूर करून घ्यावा लागतो. नव्या साच्याची मंजुरी टाकली.

२४ सप्टेंबर, बुधवार

दोन किरकोळ गोष्टी.

क्लिकच्या नोंदीत वाचकांचे आयपी साठतायत. आपल्याला गावापुरतंसुद्धा त्याचं काम नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, आणि कायदा नसता तरी कोण कधी काय वाचायला आलं हे एका दिवाळी अंकानं जपून का ठेवावं? शेवटचे आकडे पुसून टाकणारी रात्रीची स्क्रिप्ट लावली, आकडेवारीचं पान पासवर्डमागं नेलं.

बाईंनी लेखकांना प्रूफं पाठवायला ड्राइव्हच्या फोल्डरची छोटी लिंक मागितली. नाही दिली. २०१६ मध्ये कॉर्नेल टेकच्या दोन संशोधकांनी दाखवलं होतं की छोट्या लिंकेची पाच-सहा अक्षरं यंत्रानं ओळीनं तपासत गेलं की लोकांच्या खासगी फायली आणि नकाशावरचे घरापासूनचे रस्ते सापडतात. गूगलनं त्यामुळे नकाशाच्या लिंका अकरा-बारा अक्षरांच्या केल्या. आपली तर चारच अक्षरं, तीही मुद्दाम सोपी ठेवलेली. जे जगानं पाहावं त्याचीच छोटी लिंक करायची. प्रूफं ईमेलनं गेली.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

दसरा झाला. आतापर्यंतच्या नोंदणीचा हिशेब मांडला.

व्हॉट्सॲपवर क्लिक उदंड, नोंदणी त्या मानानं बेताची. दुकानांतल्या पोस्टरांचं उलटं: कोड वाचणारे थोडे, पण वाचला की बहुतेक जण पैसे भरूनच थांबतात. समजण्यासारखं आहे, तो माणूस पुस्तकाच्या दुकानातच उभा असतो. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीची लिंक जवळजवळ कुणी उघडली नाही. काका म्हणाले, "जाहिरात वाचून लोक मला फोन करतात." वही दाखवली, खरंच त्या दोन दिवसांत फोनवरच्या नोंदण्या वाढलेल्या. ही गोष्ट कुठलीच लिंक सांगू शकत नाही. आजपासून काका फोनवर विचारणार, "कुठं पाहिलंत?" आणि वहीत लिहिणार.

एक गंमत. पुण्यातल्या पोस्टरच्या लिंकेवर चार दिवस अमेरिकेतून क्लिक येत होते, भारतातल्या मध्यरात्री. डोकं खाजवत बसलो, मग नोंदणीचे पत्ते पाहिले: न्यू जर्सी. कुणीतरी पोस्टरचा फोटो काढून तिकडच्या मराठी मंडळाच्या गटात टाकला असावा. आमच्या तक्त्यात हे सगळे 'पुणे, दुकान' म्हणून जमा. लिंकेवरचं नाव ती कुठं लावली ते सांगतं, कुठं पोचली ते नाही. व्हॉट्सॲपमधून येणाऱ्याचा मागचा पत्ता बहुतेक वेळा कोराच असतो, तेव्हा तिथूनही काही हाती लागत नाही. परदेशी टपालाचा दर नोंदणीच्या पानावर नव्हता, तो आज रात्री चढवला.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

उद्या वसुबारस. टपालानं अंक दिवाळीत पोचण्याची मुदत संपली, आगाऊ नोंदणी दुपारी बंद केली.

पोस्टरं मात्र अजून दुकानांत आहेत, व्हॉट्सॲपवरचे संदेश फिरतायत, आणि आता त्या लिंकेवर येणाऱ्याला 'नोंदणी बंद' एवढंच सांगणं म्हणजे गिऱ्हाईक दारातून परत पाठवणं. सगळ्या छोट्या लिंका 'अंक कुठं मिळेल' या पानाकडे वळवल्या: सांगली, मिरज, कोल्हापूर, पुणे, दादर, ठाणे, दुकानाचं नाव आणि फोन. दहा मिनिटांत झालं. मागं वापरलेल्या तिन्ही फोनांवर लगेच नवं पान उघडलं. दादरच्या दुकानदाराचा संध्याकाळी निरोप, लोक फोन करून प्रत राखून ठेवायला सांगतायत.

अंकातल्या कवितावाचनाच्या लिंका वेगळ्या ठेवल्यात, त्यांना या अदलाबदलीत हात लावायचा नाही. त्या अंकासोबत राहणार.

५ नोव्हेंबर, बुधवार

आवराआवर. पोस्टरांच्या लिंका वर्षभर अंकाच्या पानाकडे जातील, मग संग्रहाच्या पानाकडे. एकही काढून टाकायची नाही आणि तेच चार अक्षरी नाव पुढच्या वर्षी दुसऱ्या कामाला द्यायचं नाही, नाहीतर जुन्या पोस्टरचा फोटो उघडणारा भलत्याच पानावर जाईल.

हस्तांतर: डोमेनचं खातं माझ्या ईमेलवरून संस्थेच्या ईमेलवर नेलं. मुदत २०३५ पर्यंत आहे, तारीख कार्यालयातल्या वार्षिक कामांच्या पाटीवर लिहिली, विमा आणि घरपट्टीच्या खाली. लिंकांचा पूर्ण तक्ता दर महिन्याला फाइल होऊन संस्थेच्या ईमेलला जातो. एक छापील प्रत २०२५ च्या बांधीव अंकात शेवटच्या पानाला लावली. २०१७ आणि २०१८ च्या चिठ्ठ्या चिकटवल्याचं कळवणारी पत्रं तीन वाचनालयांकडून आली, बाकीच्यांना पुन्हा लिहायचं.

बाकी राहिलेलं: एसएमएसच्या कंपनीकडून न पोचलेल्या संदेशांचे पैसे परत मागायचे. पुढच्या वर्षीच्या कवितावाचनासाठी नावं आत्ताच राखून ठेवायची. आणि पोस्टरची नवी मांडणी. काकांचं म्हणणं, फोन नंबर क्यूआरएवढाच मोठा हवा. त्यांची वही पाहिल्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. मांडणीकाराला तसं कळवलंय.